दूरध्वनी, सार्वजनिक जागा आणि शिष्टाचार : मुंबई व महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (१८८२ ते २०२३)

सारांश

सार्वजनिक ठिकाणी भ्रमणध्वनीवर मोठ्याने बोलणे, सभागृहात वा वर्गात फोन वाजणे, प्रवासात ध्वनिवर्धक सुरू ठेवून गाणी ऐकणे या गोष्टींकडे बहुधा ‘संस्कारांचा ऱ्हास’ म्हणून पाहिले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. दूरध्वनीचा शिष्टाचार हा प्रारंभापासून त्या यंत्राची दुर्मीळता, त्याचा दर आणि त्याच्यावर देखरेख करणारी तिसरी व्यक्ती या तीन घटकांवर अवलंबून होता. हे घटक क्रमाक्रमाने नाहीसे झाल्यामुळे आजचा प्रश्न उद्भवला आहे. त्यावरील उपायांचा विचारही याच दृष्टीने होणे आवश्यक आहे.

बीजसंज्ञा : दूरध्वनी, भ्रमणध्वनी, शेजारधर्म, सार्वजनिक जागा, शिष्टाचार, नियमन.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, कंपन्या, कायदे आणि ग्राहकसंख्या यांची नोंद होते. त्या तंत्रज्ञानाने माणसामाणसांतील वागणुकीत कोणता फरक पडला, याची नोंद मात्र फारशी होत नाही. पोस्ट, रेल्वे व मुद्रणकला यांच्या सामाजिक परिणामांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. दूरध्वनीच्या वाट्याला तितके लक्ष आलेले नाही. वस्तुतः दूरध्वनीने संभाषणाच्या मूलभूत स्वरूपातच बदल घडवून आणला. समोरासमोरच्या बोलण्यात बोलणारा, ऐकणारा आणि जवळपास असणारा हे तिघेही एकमेकांना दिसतात. दूरध्वनीवर बोलणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही आणि जवळ असलेल्याला अर्धेच संभाषण ऐकू येते. या जवळ असलेल्या, परंतु संभाषणात सहभागी नसलेल्या माणसाचा उल्लेख प्रस्तुत लेखात ‘तिसरी व्यक्ती’ असा केला आहे. दूरध्वनीच्या शिष्टाचाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तिसऱ्या व्यक्तीच्या अधिकाराचा इतिहास होय.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. भ्रमणध्वनीपूर्व काळातील शिष्टाचार कशाच्या आधारे टिकून होता? तो आधार केव्हा व कशामुळे निखळला? आणि अलीकडील नियमांपैकी कोणते नियम या इतिहासाशी सुसंगत आहेत?

१. यंत्राचे आगमन आणि पहिली तिसरी व्यक्ती

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दूरध्वनीचे एकस्व ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र सुरू झाले. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे सदस्य मेजर ई. बेरिंग यांनी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील केंद्रे सुरू झाल्याचे घोषित केले. ही केंद्रे चालविण्याचा परवाना इंग्लंडमधील ओरिएंटल टेलिफोन कंपनीला देण्यात आला होता. कलकत्त्याच्या केंद्राचे आरंभीचे ग्राहक अवघे ९३ होते. एवढ्या मोठ्या राजधानीतील हा आकडा पाहता, दूरध्वनी हे त्या काळी व्यापारी पेढ्या, सरकारी कार्यालये आणि मूठभर श्रीमंतांचे साधन होते, हे स्पष्ट होते.

नव्या यंत्रासाठी नवी शिष्टसंमत भाषा लागते. संभाषणाचा आरंभ कोणत्या शब्दाने करावा, हा प्रश्न प्रथमपासून होता. बेल यांचा कल ‘अहॉय’ या दर्यावर्दी हाकेकडे होता, तर थॉमस एडिसन यांनी १८७७ साली ‘हॅलो’चा पुरस्कार केला. एडिसन यांचा शब्द रूढ झाला आणि तो मराठीनेही जसाच्या तसा स्वीकारला. ‘नमस्कार’ अथवा ‘रामराम’ हे शब्द व्यक्तीला उद्देशून असतात. ते उच्चारताना समोर कोण आहे हे ठाऊक असावे लागते, कारण त्यावरून ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरते. दूरध्वनीवर हे ठाऊक नसते. त्यामुळे वय, नाते वा मान यांपैकी काहीही सूचित न करणारा ‘हॅलो’ हा शब्द सोयीचा ठरला. त्यापाठोपाठ येणारा प्रश्न मात्र मराठीत दोन प्रकारे विचारला जाऊ लागला. ‘कोण बोलतंय?’ हा एक आणि ‘आपण कोण बोलता?’ हा दुसरा. या दोहोंतील अंतर हा मराठी दूरध्वनी शिष्टाचाराचा पहिला धडा होता. फोन करणाऱ्याने आधी स्वतःचे नाव सांगावे, हा दुसरा.

प्रारंभीच्या दूरध्वनीत दोन ग्राहकांना जोडण्याचे काम हाताने होत असे. अमेरिकेत प्रथम या कामावर तरुण मुले नेमली गेली. त्यांच्या उद्धटपणाविषयी तक्रारी वाढल्यावर १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन येथे एमा नट यांची नेमणूक झाली. त्या पहिल्या स्त्री ऑपरेटर मानल्या जातात. मुंबईतही पुढे स्त्रियांना या नोकरीत प्रवेश मिळाला. ऑपरेटर ही दूरध्वनीच्या इतिहासातील पहिली तिसरी व्यक्ती होय. तिला संभाषण ऐकू येऊ शकत असे, ते तोडण्याचा अधिकार तिच्याकडे होता आणि वेळ संपल्याची सूचनाही तीच देत असे. ग्राहकाने तिच्याशी सौजन्याने बोलावे हे अपेक्षित होते. मात्र हे सौजन्य निव्वळ सुसंस्कृतपणातून आले असे मानण्याचे कारण नाही. जोडणी मिळणे तिच्या हाती होते, ही वस्तुस्थिती त्यामागे होती.

२. दुर्मीळता आणि शेजारधर्म

१९४३ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील दूरध्वनी व्यवस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतली. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी संपूर्ण देशात सुमारे ८० हजार दूरध्वनी होते. पुढील चार दशकांत ही संख्या वाढली, पण मागणी त्याहून वेगाने वाढली. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात देशातील दूरध्वनींचे प्रमाण दर शंभर व्यक्तींमागे सुमारे ०.८ असल्याचे नमूद आहे आणि प्रतीक्षायादी सुमारे २५ लाखांची असल्याचे म्हटले आहे. नोंदणी केल्यानंतर जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबणे हा मध्यमवर्गाचा सर्वसाधारण अनुभव होता.

या दुर्मीळतेतून शेजाऱ्याचा फोन ही सामाजिक संस्था निर्माण झाली. चाळीत, वाड्यात किंवा गृहनिर्माण संस्थेत एखाद्याच बिऱ्हाडी फोन असे आणि त्याचा क्रमांक अनेकांचा क्रमांक होई. परिचयपत्रावर, अर्जावर, लग्नपत्रिकेवर तो क्रमांक ‘पी.पी.’ अशी अक्षरे जोडून छापला जाई. फोन आला की कोणीतरी सज्जातून हाक मारी आणि तिकडचा माणूस रिसीव्हर धरून थांबे. या संस्थेचे अलिखित नियम होते. जेवणाच्या वेळी, दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी व दिवेलागणीला शेजाऱ्याच्या घरी फोन करू नये. बोलणे आटोपशीर असावे. फोन झाल्यावर दोन शब्द घरच्यांशी बोलून निघावे. स्वतः फोन केला तर पैसे देऊ करावेत; शेजारी नको म्हणाला तरी ते डब्यात टाकावेत. ज्यांना हे नियम समजत नसत त्यांच्यासाठी डायलला लावलेले छोटे कुलूप हा मूक इशारा होता.

या काळाचे स्मरण करताना लेखक बहुधा हळवे होतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याला त्या दिवाणखान्यात प्रवेश होता त्यालाच तो फोन होता. जात, वर्ग व भाडेकरू-मालक संबंध यांच्या मर्यादा उंबरठ्यावर जशा लागू होत्या तशाच त्या फोनलाही लागू होत्या. शिवाय, शेजारधर्माची किंमत खासगीपणाने चुकवावी लागे. नोकरी न मिळाल्याचे, सोयरीक मोडल्याचे, मृत्यूचे वृत्त संबंधितापूर्वी शेजाऱ्याला कळे. सासरी नांदणाऱ्या स्त्रीला माहेरचा फोन आला तर ती दोन कुटुंबांसमोर उभी राहून बोलत असे. अशा संभाषणात ‘मी बरी आहे’ यापलीकडे काही सांगता येणे कठीण होते. त्या काळातील मितभाषण हा केवळ संयम नव्हता. अनेकांच्या बाबतीत तो नाइलाज होता.

तसेच, पूर्वी लोक हळू बोलत, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. परगावच्या ट्रंक कॉलवर आवाज क्षीण येत असे आणि बोलणारा घसा ताणून बोलत असे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा चढत्या दराच्या ट्रंक कॉलपैकी एखादा लागला की सगळ्या मजल्याला ते कळे. फरक इतकाच की असा प्रसंग क्वचित येई आणि तो महत्त्वाचा असणार हे सर्वांना मान्य असे. आवाज तेव्हाही मोठा होता, पण त्याला प्रसंगाची मर्यादा होती.

३. पिवळ्या फलकांचा काळ

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली आणि देशी बनावटीची ग्रामीण केंद्रे उभारण्याचे काम सुरू झाले. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्लीचे दूरध्वनी महानगर टेलिफोन निगमकडे आले. याच दशकाच्या उत्तरार्धापासून माणसाने चालविलेली सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे गावोगावी दिसू लागली. एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. ही अक्षरे रंगविलेले पिवळे फलक तालुक्याच्या बसस्थानकापासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत लागले. अपंग व्यक्तींना आणि निराधार स्त्रियांना या केंद्रांतून उपजीविकेचे साधन मिळाले.

शिष्टाचाराच्या दृष्टीने ही केंद्रे महत्त्वाची आहेत, कारण सार्वजनिक जागी परक्या लोकांसमोर खासगी बोलण्याचा सराव मराठी समाजाला प्रथम येथे झाला. काचेची खोली, तिचे बंद दार, बाहेरची रांग, समोरचा सरकता मीटर आणि गल्ल्यावर बसलेला चालक ही त्याची साधने होती. काचेमुळे आवाज अडे, परंतु बोलणारा व थांबलेला एकमेकांना दिसत. कोणी रेंगाळले तर बाहेरचा माणूस काचेवर टकटक करी आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. चालक ही येथील तिसरी व्यक्ती होती. तिला अधिकार होता आणि तो सर्वांना मान्य होता.

दरांचा परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. रात्री उशिरा परगावच्या फोनला सवलतीचा दर असल्याने केंद्रांसमोर त्याच वेळी गर्दी होई. वसतिगृहातील विद्यार्थी आणि गाव सोडून आलेले कामगार रात्री जागून घरी फोन करीत. म्हणजे ‘रात्री दहानंतर फोन करू नये’ हा आज सर्वमान्य वाटणारा संकेतही कालातीत नाही. दरपत्रक बदलले की संकेत बदलत.

४. यंत्र देहाशी आले

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. देशातील हे पहिले भ्रमणध्वनी संभाषण मानले जाते. त्याच वर्षी मुंबईतही ही सेवा सुरू झाली. आरंभीचे दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होते आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. त्यामुळे फोन करणारा समोरच्याच्या खिशालाही हात घालीत असे आणि ही जाणीव बोलणे आटोपते घेण्यास पुरेशी होती. ‘मिस कॉल’ देण्याची रीत या काटकसरीतूनच आली. एक वाजला तर ‘पोहोचलो’, दोन वाजले तर ‘खाली ये’, अशी एक निःशब्द भाषा लोकांनी आपसांत ठरवून घेतली.

१ मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले. २००४ साली भ्रमणध्वनींची संख्या स्थिर दूरध्वनींपेक्षा अधिक झाली. २०१५-१६ च्या सुमारास देशातील भ्रमणध्वनी जोडण्या १०० कोटींच्या पुढे गेल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर बोलण्याला स्वतंत्र दर असा जवळपास उरलाच नाही आणि चित्रफिती पाहणे सर्वांच्या आवाक्यात आले. अशा रीतीने सुमारे दोन दशकांत दुर्मीळता संपली, दर संपला आणि देखरेख करणारी तिसरी व्यक्तीही संपली. ऑपरेटर गेली, शेजाऱ्याचा दिवाणखाना गेला, काचेची खोली गेली. उरला तो सहप्रवासी. त्याला सर्व ऐकू येते, पण अधिकार मात्र कोणताही नाही. ‘जरा हळू बोला’ असे म्हणण्यासाठी त्याला स्वतःच्या नैतिक बळावर विसंबावे लागते आणि त्याचे पर्यवसान पुष्कळदा वादात होते.

या त्रासाला शास्त्रीय आधारही आहे. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातील लॉरेन एम्बरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, दोन्ही बाजूंचे संभाषण कानावर पडण्यापेक्षा एकाच बाजूचे संभाषण कानावर पडल्यास एकाग्रता अधिक ढळते. पुढचे वाक्य काय असेल याचा अंदाज बांधता येत नसल्याने मन त्यात ओढले जाते. म्हणजे डब्यातील दोन प्रवाशांच्या गप्पांपेक्षा एकाच्या फोनने वाचणाऱ्याचे लक्ष अधिक विचलित होते, ही तक्रार केवळ चिडखोरपणाची नाही.

तथापि या बदलाचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्या स्त्रीला शेजारच्या दिवाणखान्यात मन मोकळे करता येत नव्हते तिला आता स्वतःचा फोन आहे. ज्याला त्या दिवाणखान्यात प्रवेशच नव्हता त्यालाही आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्याला मात्र रस्ता, जिना वा लोकलचा डबा हीच बोलण्याची एकमेव जागा असू शकते. त्याच्या मोठ्या आवाजाकडे केवळ असभ्यता म्हणून पाहणे, हा स्वतंत्र खोली असणाऱ्यांचा दृष्टिकोन होय. शिष्टाचाराचा कोणताही नियम करताना ऐकणाऱ्याच्या शांततेबरोबर बोलणाऱ्याची ही अडचणही विचारात घ्यावी लागेल.

५. नियमांचा काळ

अनौपचारिक नियंत्रण दुबळे झाले की लेखी नियम येतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. परंतु हा नियम प्रामुख्याने ध्वनिक्षेपक व तत्सम साधनांसाठी आहे. भ्रमणध्वनीच्या वर्तनाविषयीचे नियम त्यानंतर सुमारे दोन दशकांनी आले.

जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने कार्यालयीन वेळेतील भ्रमणध्वनी वापराविषयी सूचना प्रसृत केल्या. शक्यतो कार्यालयीन दूरध्वनी वापरावा, सौजन्याने व हळू आवाजात बोलावे, वैयक्तिक फोन कक्षाबाहेर जाऊन घ्यावेत, बैठकीत फोन निःशब्द ठेवावा, असा त्यांचा आशय होता. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने रात्री दहानंतर गाडीत मोठ्याने बोलण्यास व गाणी वाजविण्यास प्रतिबंध करणारे निर्देश दिले आणि तक्रारीच्या निवारणाची जबाबदारी गाडीतील रेल्वे कर्मचाऱ्यांवर सोपविली. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने बसमध्ये हेडफोनविना ध्वनिचित्रफिती पाहण्यास व फोनवर मोठ्याने बोलण्यास मनाई केली. त्यासाठी १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातील तरतुदींचा आधार घेण्यात आला. भ्रमणध्वनीच्या उपद्रवासाठी स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकातील कायदा उपयोगी पडावा, ही बाब बोलकी आहे. उपद्रव ही संकल्पना जुनी आहे. नवे आहे ते तिचे साधन.

याच काळातील आणखी एक निर्णय वेगळ्या प्रकारचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय अधिकारी व कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे असे सुचविले. एडिसन यांच्या शब्दाभोवतीचा प्रश्न १४५ वर्षांनी महाराष्ट्रात पुन्हा चर्चेत आला. त्याच्या इष्टानिष्टतेत न शिरता येथे एवढेच नोंदविणे पुरेसे आहे की, आरंभीचा शब्द हा बोलणाऱ्या दोघांमधील विषय आहे. तिसऱ्या व्यक्तीच्या प्रश्नाला तो स्पर्श करीत नाही.

रंगभूमीचे उदाहरण यापेक्षा अधिक उद्बोधक आहे. प्रयोगापूर्वी फोन बंद ठेवण्याची विनंती मराठी नाट्यगृहांत अनेक वर्षे केली जाते. तरीही फोन वाजतात. २०१९ साली अभिनेते सुमीत राघवन यांनी नाशिक येथे आपला प्रयोग याच कारणाने थांबविला आणि सुबोध भावे यांनीही त्याच वर्षी तीव्र नाराजी जाहीर केली. विनंतीने जे साधत नव्हते ते प्रयोग थांबविल्याने काही काळ तरी साधले, कारण त्या क्षणी रंगमंचावरील कलावंताने तिसऱ्या व्यक्तीचा अधिकार स्वतःकडे घेतला.

६. महाविद्यालयाचा परिसर

हा प्रश्न आपल्या व्यवसायापासून दूरचा नाही. महाविद्यालयांनी प्रथम विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर सरसकट बंदीचे फलक लावले. २०२०-२१ मधील करोना काळात तोच फोन वर्गखोली झाला आणि बंदीचा आधार संपला. आज सूचना, हजेरी, शुल्क, अभ्याससाहित्य हे सर्व फोनवर असताना ‘फोन आणू नये’ हा नियम कोणी गांभीर्याने घेणार नाही. ‘वर्गात फोन वाजू नये’ हा नियम मात्र घेता येतो. परंतु तो व्यासपीठापासून सुरू व्हावा लागतो. परिसंवादात बीजभाषण चालू असता पहिल्या रांगेतून फोन वाजतो आणि तो घेत घेत मान्यवर बाहेर जातात. त्याच सभागृहात मागील रांगेतील विद्यार्थ्याचा फोन वाजला तर तो जप्त होतो. ज्या नियमातून ज्येष्ठांना सूट असते त्याला विद्यार्थी शिष्टाचार मानीत नाहीत, अधिकार मानतात. ग्रंथालयात आजही तुलनेने शांतता आढळते याचे कारण तेथे ग्रंथपाल आहे आणि त्याचा नियम प्राध्यापकालाही लागू आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) भ्रमणध्वनीपूर्व काळातील शिष्टाचार केवळ संस्कारांवर आधारलेला नव्हता. दुर्मीळता, दर आणि तिसऱ्या व्यक्तीचा अधिकार हे त्याचे आधार होते.

२) त्या शिष्टाचारात सौजन्य होते तसेच वगळणेही होते. खासगीपणाचा अभाव, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, ही त्याची दुसरी बाजू होती. म्हणून त्या काळाकडे परत जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

३) केवळ आवाहन करणारे फलक निष्प्रभ ठरतात. ज्या नियमाची अंमलबजावणी करणारी व्यक्ती त्या जागी उपस्थित असते, तो नियम टिकण्याची शक्यता अधिक असते. रेल्वेने २०२२ साली जबाबदारी कर्मचाऱ्यांवर सोपविली, ही त्या दृष्टीने योग्य दिशा आहे.

४) मनाईबरोबर पर्यायी जागाही द्यावी लागेल. पी.सी.ओ.ची काचेची खोली हे त्याचे आपल्याच इतिहासातील उदाहरण आहे. रुग्णालये, ग्रंथालये, न्यायालये आणि महाविद्यालये यांनी फोनवर बोलण्यासाठी एखादा आडोसा राखून ठेवणे फारसे खर्चिक नाही.

शेजारधर्म या शब्दात शेजारी म्हणजे भिंतीपलीकडे कायमचा राहणारा माणूस अभिप्रेत होता. बसमधील शेजारी वीस मिनिटांचा असतो. त्याचे नाव ठाऊक नसते आणि तो पुन्हा भेटण्याची शक्यताही नसते. आपल्या जुन्या शेजारधर्मात अशा अनोळखी, अल्पकाळच्या शेजाऱ्याला फारसे स्थान नव्हते. ते निर्माण करणे हे सार्वजनिक संस्थांचे आणि प्रामुख्याने शिक्षणसंस्थांचे काम आहे.